17 मुलं आणि 18 महाविद्यालयं

2025 ची एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी, आली, त्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ खाली घसरलं आणि ठरल्याप्रमाणे अमेरिकेचा दाखला निघाला. ‘तिकडे सरकार विद्यापीठात लुडबुड करत नाही, म्हणून तिथे संशोधन होतं. आपल्याकडे नुसतं राजकारण.’ लेखांतून, भाषणांतून, व्हॉट्सॲपच्या गटांतून हेच पालुपद. विस्कॉन्सिनमध्ये बसून ते वाचताना चीड येते, कारण त्यातला पूर्वार्ध धादांत खोटा आहे आणि त्या खोट्याच्या आड खरं दुखणं झाकलं जातं.

तुलनाच करायची तर हार्वर्ड-स्टॅनफर्ड बाजूला ठेवा, ती खासगी. विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीतलं, मॅडिसनचं विद्यापीठ घ्या. ते राज्याचं आहे, विद्यार्थी 50 हजारांच्या आसपास, आणि पहिला वर्ग भरला फेब्रुवारी 1849 मध्ये. पुणे विद्यापीठ स्थापन झालं 10 फेब्रुवारी 1949 ला. बरोबर शंभर वर्षांचं अंतर आहे, पण मला ते वयाचं वाटत नाही. मॅडिसनच्या पहिल्या वर्गात 17 मुलं होती. पुण्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी 18 महाविद्यालयं आली. पुढचं सगळं या दोन आकड्यांतून उगवलेलं आहे.

आधी लुडबुडीचा निकाल लावू. मॅडिसनसह राज्यातल्या सगळ्या सरकारी विद्यापीठांवर 18 जणांचं रीजंट मंडळ, म्हणजे नियामक मंडळ, असतं आणि त्यातले 16 गव्हर्नर नेमतो. 2015 साली गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या अर्थसंकल्पाने विद्यापीठांचे दोन वर्षांत 25 कोटी डॉलर कापले आणि प्राध्यापकांच्या टेन्युअरला, म्हणजे कायम नोकरीच्या हमीला, राज्याच्या कायद्यात असलेलं संरक्षणच काढून टाकलं. 2023 मध्ये तर विधिमंडळाने विविधता विभागातल्या (वंचित गटांना सामावून घेण्याचं काम पाहणाऱ्या) पदांवरून पगारवाढ आणि मॅडिसनची अभियांत्रिकीची नवी इमारत अडवून धरली. तडजोडीचा प्रस्ताव आला, रीजंटांनी 9 विरुद्ध 8 मतांनी फेटाळला आणि चारच दिवसांनी 11 विरुद्ध 6 मतांनी मंजूर केला. त्या चार दिवसांत काय काय झालं असेल हे समजायला अमेरिकेत येण्याची गरज नाही, आपली अधिसभा (सिनेट) पाहिलेली असली तरी पुरे. महाराष्ट्रात 2021 च्या विद्यापीठ दुरुस्ती विधेयकात उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करायचं होतं, त्यावरून रान उठलं होतं. सरकार बदललं आणि ते विधेयक मागे घेतलं गेलं. डावं-उजवं करायचंच तर या एका बाबतीत विस्कॉन्सिनचे राजकारणी जास्त तयारीचे आहेत.

राजकारण दोन्हीकडे आहे, तर मग फरक कुठला?

पहिला फरक परीक्षा विभागाचा. मॅडिसनला आपल्या अर्थाने परीक्षा विभाग नाही. जो शिकवतो तोच पेपर काढतो, तोच टीएंना (मदतनीस विद्यार्थ्यांना) हाताशी धरून तपासतो आणि सत्र संपल्यावर काही दिवसांत ग्रेड भरून मोकळा होतो. तक्रार असेल तर मुलगा ऑफिस अवर्सना त्याच्याच दारात उभा राहतो, तिथे निभावलं नाही तर विभागाकडे जातो. यात तोटेही आहेत. दोन सेक्शनांना दोन वेगळे मास्तर असले तर एकाची बी म्हणजे दुसऱ्याची ए होऊ शकते, आणि मॉडरेटर नावाचा, गुणांची फेरतपासणी करणारा प्राणी मध्ये नसतो. पण चूक झाली तर ती एका वर्गापुरती राहते.

पुण्यात किंवा मुंबईत एका विषयाच्या एका पेपरला काय लागतं ते मोजून बघा. पेपर काढणाऱ्यांचं पॅनेल, त्यातून एकाची निवड, केंद्रांवर गोपनीय पाठवणी, हॉल तिकिटं, बैठक व्यवस्था, भरारी पथकं, उत्तरपत्रिकांवर बारकोड, कॅप सेंटर (उत्तरपत्रिका तपासणीचं केंद्र), परीक्षक, मॉडरेटर, निकाल, फोटोकॉपीचे अर्ज, पुनर्मूल्यांकन, एटीकेटी. सत्र पद्धत आल्यापासून हे वर्षातून दोनदा. यातली एक कडी निसटली की काय होतं ते मुंबईने 2017 साली दाखवलं. सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय ऐनवेळी झाला. 17 लाखांवर उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, परीक्षकांची तयारी अपुरी, त्यात कुलपतींनी घातलेली 31 जुलैची मुदत. मुदत टळली, निकाल महिनोन् महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तेव्हाही सगळ्या अग्रलेखांचा रोख माणसांवर होता. एका कार्यालयाने शेकडो महाविद्यालयांची परीक्षा का घ्यावी, हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

याच विद्यापीठाला मग आपण विचारतो, शोधनिबंध किती?

दुसरा फरक तुकड्यांचा, आणि मला तो जास्त सलतो. मॅडिसनला शेती, पशुवैद्यक, वैद्यक, अभियांत्रिकी, रसायन, इतिहास, भाषा हे सगळं एकाच कॅम्पसवर आणि एकाच हिशेबात आहे. गोठासुद्धा कॅम्पसवरच, वारा फिरला की खात्री पटते. याचा उपयोग काय, तर 1933 सालचं उदाहरण बघा. कुजलेला स्वीट क्लोव्हर खाऊन जनावरं रक्तस्रावाने मरत होती. एक शेतकरी हिमवादळात मेलेली कालवड, तो चारा आणि कॅनभर न गोठणारं रक्त गाडीत घालून मॅडिसनला आला आणि जीवरसायनाच्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं करायला काही वर्षं लागली. त्याच वाटेवर पुढे आधी उंदरांचं विष आणि मग रक्त पातळ ठेवणारं औषध निघालं: वॉरफरिन. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या कितीतरी घरांत ही गोळी आणि तिच्यासोबतची रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी ठाऊक असते. नावातला ‘वॉर्फ’ म्हणजे विद्यापीठाची पेटंटं सांभाळणारी संस्था. हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नातलं ड जीवनसत्त्व वाढवण्याची रीत शोधली, त्या पेटंटाच्या निमित्ताने 1925 मध्ये ती स्थापन झाली. पेटंटांवर आलेला पैसा ती पुन्हा मॅडिसनच्याच संशोधनात घालते.

आता ती कालवड पुणे जिल्ह्यात मेली असं समजा. चाऱ्याचा प्रश्न राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा, 1968 पासून. औषधाचा प्रश्न नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, 1998 पासून. द्रव्य वेगळं करायचं तर पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पण ती केंद्राच्या सीएसआयआर या संशोधन परिषदेची. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय विद्यापीठ जिथे आहे त्या गणेशखिंडीपासून रिक्षाच्या अंतरावर आहे, पण हिशेब राहुरीला जातो. खुद्द विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आहे, रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए आहे, पेशीविज्ञानाचं एनसीसीएस आहे. नावाजलेली माणसं, नावाजलेलं काम, आणि प्रत्येकाचं कुंपण वेगळं, फाइल वेगळी, दिल्ली वेगळी. त्यांचा निबंध यादीत पुणे विद्यापीठाच्या खात्यावर जमा होत नाही. गणेशखिंडीचा सगळा परिसर एक संस्था धरून कुणी मोजला, तर ही दरवर्षीची रडारड निम्मी थांबेल असं माझं मत आहे.

आणि गंमत अशी, की स्वतंत्र कृषी विद्यापीठांची कल्पना आपण घेतली ती अमेरिकेच्या लँड-ग्रँट (सरकारी जमिनीच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या) विद्यापीठांवरूनच. फक्त घेताना शेती तेवढी उचलली आणि शेजारचं रसायन, वैद्यक, अर्थशास्त्र तिथेच ठेवून आलो.

तिसरी गोष्ट पैशाची. मॅडिसनच्या एकूण खर्चात राज्य सरकारचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. ‘बघा, सरकारवर अवलंबून नाही!’ असं म्हणायच्या आत पुढचं ऐका: संशोधनाचा सर्वांत मोठा दाता वॉशिंग्टनचं सरकार आहे. वैद्यकीय संशोधनाचं नेहमीचं अनुदान म्हणजे एनआयएच या केंद्रीय आरोग्य संशोधन संस्थेचं आर-झिरो-वन. नव्या अर्जांच्या ठरलेल्या तारखा 5 फेब्रुवारी, 5 जून आणि 5 ऑक्टोबर. त्याच क्षेत्रातले लोक अर्जाला 1 ते 9 गुण देतात, 1 सर्वोत्तम. पैसे हातात यायला सगळं सुरळीत झालं तरी नऊ-दहा महिने. समजा वर्षाला थेट खर्चासाठी अडीच लाख डॉलर मिळाले. त्यातून पीएचडी विद्यार्थ्याची ट्यूशन आणि मोठी उपकरणं वगळायची. उरले, धरा, 2 लाख 20 हजार. त्यावर विद्यापीठ वीज, इमारत, ग्रंथालय, प्राण्यांचं घर, हिशेब तपासणी यांसाठी ओव्हरहेड लावतं. मॅडिसनचा ठरलेला दर 55 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आणखी 1 लाख 21 हजार डॉलर. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने हा दर सरसकट 15 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. म्हणजे याच अनुदानामागे 33 हजार. एका प्रयोगशाळेमागे वर्षाला 88 हजारांचा खड्डा. न्यायालयाने ते अडवलं, पण दिवा कुणाच्या तेलावर जळतो हे सगळ्यांना दिसलं.

प्राध्यापकाचा विद्यापीठाकडचा पगार बहुतेक ठिकाणी नऊ महिन्यांचा. उन्हाळ्याचा पगार, विद्यार्थ्याचं मानधन, पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधकाची) नोकरी, सगळं अनुदानातून. एक अनुदान संपून दुसरं यायला सहा महिने मध्ये पडले की पहिला घाव पोस्टडॉकवर. त्यांच्यात आपली मुलं भरपूर, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. ‘तिकडे संशोधकाला स्वातंत्र्य असतं’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांखालून घालावं. आपल्याकडे जेआरएफ (पीएचडी करणाऱ्यांची केंद्राची शिष्यवृत्ती) 2023 पासून महिना 37 हजार रुपये आहे. रक्कम वाईट नाही, रखडते ते वितरण. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या शिष्यवृत्तीवरच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी आंदोलनं करावी लागली. आणि तासिका तत्त्वावर एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावणाऱ्या सीएचबी प्राध्यापकाला ‘तुझं संशोधन कुठे?’ हे विचारणं म्हणजे निव्वळ निलाजरेपणा आहे.

जीवरसायनशास्त्रज्ञ हरगोविंद खुराणांचं नाव या वादात हमखास येतं. 1960 ते 1970 ते मॅडिसनच्या एन्झाइम संस्थेत होते, 1968 चं नोबेल त्या काळातलंच. 1949 च्या शरदात ते भारतात परतले होते, नोकरी जुळली नाही, पुन्हा इंग्लंडला गेले. पुणे विद्यापीठाच्या स्थापनेचं तेच वर्ष. पण त्यांना तेव्हा कुठल्या विद्यापीठाने घेतलंच असतं तर काय हाती दिलं असतं? जनुकांचं काम की बीएस्सीच्या उत्तरपत्रिका?

म्हणून कुलगुरू कोण आणि कुणाचा माणूस, यावर दहा लेख लिहिण्यापेक्षा एक मागणी लावून धरावी: पदवी परीक्षांचं ओझं विद्यापीठावरून उतरवा. स्वतःच परीक्षा घेणाऱ्या स्वायत्त महाविद्यालयांची वाट आहे, काही महाविद्यालयांनी मिळून बनवलेल्या समूह विद्यापीठांची आहे, दोन्ही कागदावर कधीच्या आल्यात. अडतं कुठे, तर परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क ही विद्यापीठाची हक्काची मिळकत आहे. ती सोडली तर पगाराबाहेरचा खर्च कशातून करायचा, याचं उत्तर राज्य सरकार देत नाही. तिथे ओरडा.

मीही ओरडतोय तो सात समुद्रांपलीकडून, हे कळतं. मॅडिसन कितवं आहे असं इथल्या शेजाऱ्याला विचारलं तर तो फुटबॉलचा नंबर सांगतो, आणि त्या विद्यापीठाचा नंबर घसरला तर माझीही झोप उडत नाही. कर भरला, विषय संपला. वर्षभर राहून रहिवासी ठरलं की इथे मुलाची फी साधारण 12 हजार डॉलर, नाहीतर 40 हजारांच्या वर. म्हणजे निदान फीपुरता मॅडिसनने आम्हाला घरचा शिक्का दिलाय. पुण्याच्या प्रवेश अर्जावर तोच मुलगा एनआरआय कोट्यात बसतो. तरी यादी लागल्यावर मी आधी शोधतो ते पुणेच, आणि तो आकडा बघून जे वाटतं त्याला नागरिक म्हणून माझ्याकडे काही आधार नाही. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा आहेत. त्या निवडणुकीला नाव नोंदवणारे पदवीधर गावातसुद्धा मूठभर निघतात, आणि आमच्यासारख्यांच्या हातात तर मतपत्रिकाही नसते, असतात ती फक्त मतं.