यादीत बसत नाही

माझ्या आतेबहिणीच्या मुलाला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी आहे. स्नायूंना हालचालीचा निरोप देणाऱ्या मणक्यातल्या पेशी या आजारात मरत जातात. सोलापुरात निदान झालं तेव्हा तो आठ महिन्यांचा होता आणि मान धरत नव्हता. पुढचं दीड वर्ष ताई सरकारी योजनेतून उपचार मिळावेत म्हणून रिपोर्ट, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आमदारांचं शिफारसपत्र अशी फाइल घेऊन फिरली. एका कार्यालयात तिला सांगितलं, "हा आजार यादीत बसत नाही." तिने विचारलं, यादी कोण करतं? समोरच्या माणसाला ते माहीत नव्हतं.

तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण मी मेलबर्नमध्ये एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते आणि इथे त्या प्रश्नाला उत्तर आहे.

ऑस्ट्रेलियात मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना १९८४ पासून आहे. तिच्या यादीत नवी तपासणी किंवा नवी शस्त्रक्रिया घालायची तर अर्ज करावा लागतो. तो तपासणारी, तज्ज्ञांची एक सल्लागार समिती १९९८ पासून काम करते; तिला इथे सगळे 'एमसॅक' म्हणतात. अर्ज कंपनी करू शकते, डॉक्टरांची संघटना करू शकते, सामान्य माणूसही करू शकतो. विचारलेलं साधं असतं: ही सेवा कोणत्या रुग्णांसाठी, आज त्यांना काय मिळतं, त्यापेक्षा नव्या सेवेने काय सुधारेल आणि त्याला किती पैसे लागतील. उत्तरं मात्र पुराव्यानिशी द्यावी लागतात. अर्ज लोकांसमोर ठेवतात, कोणीही त्यावर लेखी मत देऊ शकतं. शेवटी समिती मंत्र्यांना सल्ला देते, आणि तो सल्ला कारणांसह प्रसिद्ध होतो. नकार दिला तरी होतो. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेचा जीव या नकाराच्या कागदात आहे. कोणता पुरावा कमी पडला हे त्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन वर्षांनी तोच अर्ज सुधारून पुन्हा करता येतो.

ताईच्या मुलाच्या आजाराशी थेट संबंध असलेलं उदाहरण सांगते. सिडनीतल्या मॅकेन्झी कॅसेला या बाळाचा २०१७ मध्ये सात महिन्यांची असताना याच आजाराने मृत्यू झाला. आई-वडील दोघेही वाहक होते, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी त्याचं सदोष जनुक त्यांच्यात होतं, आणि त्यांना त्याची कल्पना नव्हती. दोघे वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मूल होण्याआधी वाहक ओळखणारी तपासणी सगळ्यांना मिळावी म्हणून त्यांनी आवाज उठवला आणि २०१८ मध्ये सरकारने मुलीच्या नावाने दोन कोटी डॉलरचा संशोधन प्रकल्प जाहीर केला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, बारा हजार लोकांच्या तपासणीच्या अभ्यासात वीसात एक जण स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, सिस्टिक फायब्रोसिस आणि फ्रॅजाइल एक्स या तीन आनुवंशिक आजारांपैकी एखाद्याचा वाहक निघाला. त्या वाहकांतल्या ८८ टक्के लोकांच्या घरात आजाराचा मागमूस नव्हता. असे आकडे अर्जात असले की "दुर्मिळ आहे, कशाला खर्च करायचा" हे म्हणणं टिकत नाही.

तरी वेळ लागला. समितीने २०२० मध्ये पाठिंबा दिला, पैसे २०२२ च्या अर्थसंकल्पात ठेवले गेले आणि तपासणी मेडिकेअरमध्ये आली १ नोव्हेंबर २०२३ ला. मधल्या तीन वर्षांत साधारण ४०० डॉलर भरू शकणाऱ्या जोडप्यांनी ती करून घेतली, बाकीच्यांनी नाही. शिवाय तपासणीतले हेच तीन आजार निवडताना युरोपीय वंशाच्या लोकसंख्येचा विचार जास्त दिसतो. त्यातला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांवर परिणाम करणारा आजार आपल्या लोकांत कमी आढळतो; आपल्याकडे जास्त दिसणारा, रक्ताचा थॅलेसेमिया त्या तीनांत नाही. म्हणजे 'तिकडे सगळं आदर्श' या समजुतीला मीही साथ देणार नाही.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद होतो तो वेगळाच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा, तेही सगळ्या कुटुंबांसाठी, शासन निर्णय २०२३ मध्ये झाला. त्यावर एक मामा म्हणतात ही क्रांती आहे, दुसरे म्हणतात निवडणुकीचा जुमला. मला तो निर्णय मोठा वाटतो. रुग्णालयाच्या दारात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो आणि रेशनकार्डावर बायपास होते, ही लहान गोष्ट नाही. पण सगळा वाद रकमेवर आणि श्रेयावर थांबतो. योजनेच्या यादीतल्या उपचारांमध्ये एखादा का आहे आणि दुसरा का नाही, हे कोणीच विचारत नाही. शासन निर्णय संकेतस्थळावर मराठीत वाचता येतो, पण त्यात निर्णय असतो. नाकारलेल्या उपचाराची कारणं नसतात.

यादीबाहेरच्यांसाठी मग लोकवर्गणी उरते. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या १६ कोटींच्या औषधासाठी देशभरातून पैसे आले आणि केंद्राने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. मीही तेव्हा पैसे पाठवले होते आणि पुन्हा पाठवीन. पण ताईकडे तसा फोटो नव्हता, तसा व्हिडिओ करून देणारं कोणी नव्हतं. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळते आणि मुंबईचं केईएम हे त्याचं एक केंद्र आहे, हे तिला कुठल्या कार्यालयाने नव्हे, केईएमच्या रांगेत भेटलेल्या दुसऱ्या आईने सांगितलं.

"आपल्याकडे एवढी तज्ज्ञ मंडळी कुठून आणायची?" असं मोठ्या मामांनी विचारलं. मंडळी आहेत. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्येच उपचारांचं मूल्यमापन करणारी संस्था उभी केली आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करणारे डॉक्टर वाहक म्हणजे काय हे कोणाहीपेक्षा चांगलं जाणतात. त्यांना अर्ज करायला दार हवं. यादी बदलण्याआधी महिनाभर प्रस्ताव लोकांसमोर ठेवायचा आणि नाही म्हटलं तर का, ते दोन पानांत मराठीत छापायचं. याला नवं रुग्णालय बांधावं लागत नाही.

गेल्या महिन्यात ताईने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मजकूर आम्ही दोघींनी फोनवर लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तिने तीन प्रश्न विचारले आहेत: यादी कोण ठरवतं, तिच्यात नवा आजार घालण्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा, आणि आजवर असे किती अर्ज कोणत्या कारणाने नाकारले. तीस दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते.