टीप द्यायचीच तर कॅसिनोला द्या

कॅसिनोत पैसे हरायला कुणालाही येतं. त्याला ना अभ्यास लागतो ना ओळखपाळख. पण हरताहरता अख्ख्या टेबलाचा, पत्ते वाटणाऱ्या डीलरचा आणि मागे उभ्या असलेल्या चार बघ्यांचा जीव नकोसा करणं ही साधना आहे. तुम्ही ब्लॅकजॅकच्या, म्हणजे पत्त्यांची बेरीज 21 च्या वर न जाऊ देता डीलरला मागे टाकायच्या खेळाच्या, टेबलावर पहिल्यांदाच बसणार असाल तर पुढचं नीट वाचा. मुरलेल्या खेळाडूंनी नाही वाचलं तरी चालेल, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे उपजतच येतं.

सुरुवात बसण्यापासून. टेबलावर एक छोटी पाटी असते. कमीत कमी किती लावायचं, जास्तीत जास्त किती, ब्लॅकजॅक (पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाच्या मोलाचा पत्ता) लागला तर किती मिळणार, हे सगळं तिथेच किंवा टेबलाच्या कापडावर छापलेलं असतं. ते वाचत बसू नका, नवखे वाटाल. डाव ऐन मध्यावर असताना खुर्ची कर्रकन ओढा आणि नोटांची गुंडाळी थेट डीलरच्या नाकासमोर धरा. ती घेणार नाही. खेळाडूच्या हातातून पैसे घ्यायची तिला मनाई असते. नोटा टेबलावर ठेवायच्या असतात. मग ती त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा एकेक करून पसरते, रक्कम मोठ्याने पुकारते, मागचा सुपरवायझर मान डोलावतो आणि मग तुमच्याकडे चिप्स सरकतात. तुम्ही मात्र हात तसाच ताणून ठेवा आणि म्हणा, "घ्या की, नोटा खऱ्या आहेत!" हा विनोद तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असणार.

पत्ते उताणे वाटले जात असतील तर खेळाडूने त्यांना हात लावायचा नसतो. लावा. डीलर हातातल्या कॅटमधून पालथे पत्ते वाटत असेल तर ते एकाच हाताने उचलायचे असतात आणि टेबलाच्या कडेबाहेर न्यायचे नसतात. तिथे ते दोन्ही हातांनी छातीशी कवटाळा. चिप्सचंही तेच. पहिला पत्ता पडला की लावलेल्या चिप्सना स्पर्श वर्ज्य, कारण निकाल दिसल्यावर हळूच एखादी चिप वाढवणारे आणि हरताना हळूच काढून घेणारे हातचलाख लोक या धंद्याने पुष्कळ पाहिले आहेत. तुमचा हेतू अर्थातच निर्मळ. किती लावलंय ते मोजून बघायचं होतं, एवढंच. मोजा. टेबलांवर देखरेख करणाऱ्या पिट बॉसची मान तुमच्याकडे वळली की निरागस हसा.

पत्ता हवा असेल तर टेबलावर बोटाने टकटक करायची, नको असेल तर पत्त्यांवरून तळवा आडवा फिरवायचा. ही खूण छतावरच्या कॅमेऱ्यासाठी असते. वाद झालाच तर चित्रण बघून सोक्षमोक्ष लावता यावा म्हणून. तेव्हा तुम्ही फक्त तोंडाने बोला, आणि तेही "हं", "बघू", "चालेल" असं. डीलरने पत्ता टाकला आणि तुम्ही 21 च्या वर गेलात, की "मी मागितलाच कुठे होता?" म्हणायला मोकळे. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला!

हे झालं प्राथमिक. आता खऱ्या विषयाकडे येऊ, म्हणजे हरण्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं.

यासाठी टेबलाची रचनाच सोयीची आहे. डीलरच्या आधी ज्याची पाळी शेवटी येते, त्या खुर्चीतला माणूस हा सगळ्या टेबलाचा जन्मजात गुन्हेगार. समजा डीलरसमोर छक्की उघडी आहे. तुमच्याकडे 20. शेवटच्या खुर्चीतल्या गृहस्थांकडे 12. शहाण्याने इथे थांबायचं असतं, कारण छक्कीवर डीलरच 21 च्या वर जाऊन फुटायची शक्यता मोठी. पण गृहस्थ टकटक करतात. दश्शी येते, 22, गृहस्थ बाद. डीलर आपला झाकलेला पत्ता उलटते: राजा, म्हणजे दहा. झाले 16. नियमाप्रमाणे तिला आणखी एक घ्यावाच लागतो. पंजी. 21. टेबलावर क्षणभर शांतता, आणि मग सगळ्यांच्या नजरा एका दिशेला. ती दश्शी डीलरला जायची होती! हीच तुमची वेळ. हवेकडे बघत सुस्कारा टाका, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं "काही लोक..." म्हणून वाक्य अर्धवट सोडा. आधी पंजी आणि नंतर दश्शी निघाली असती, तर याच गृहस्थांनी तीच चूक करून सगळं टेबल वाचवलं असतं, आणि त्याबद्दल त्यांना कुणी साधं "वा" म्हटलं नसतं. पिसलेल्या पत्त्यांना कुणाची खुर्ची कुठे आहे हे ठाऊक नसतं. लांबच्या हिशेबात अशा माणसाने तुमचं जितकं बिघडतं तितकंच सुधारतं. पण हा हिशेब तुम्ही करायचा नाही. बिघडलेलं तेवढं लक्षात ठेवा. आणि तुमच्याच हातून अशी चूक झाली तर तिला "अंदाज" म्हणतात.

सल्ला देण्याबाबतही हात आखडता घेऊ नका. कोणत्या पत्त्यांवर काय करावं याचं गणित अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी 1956 साली एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं. आज त्याचा तक्ता खिशात मावेल एवढ्या कार्डावर मिळतो आणि बहुतेक ठिकाणी तो टेबलावर ठेवूनही खेळू देतात. पण कार्ड बघून खेळणं म्हणजे पुस्तकात बघून पोहणं. तुम्ही मनाचा कौल घ्या, आणि शेजाऱ्यालाही तुमच्याच मनाचा कौल घ्यायला लावा. तो जिंकला तर श्रेय मागा. हरला तर पत्तेच वाईट होते.

खापराची दुसरी जागा अर्थातच डीलर. इथे एक गैरसमज मनात घट्ट धरून ठेवावा लागतो, की ही बाई ठरवून तुम्हाला हरवते आहे. प्रत्यक्षात त्या टेबलावर ठरवायचा अधिकार नसलेली ती एकटीच असते. 16 झाले की पत्ता घ्यायचा, 17 झाले की थांबायचं. एक्का अकरा धरून झालेल्या 17 वर काय करायचं तेसुद्धा कापडावर छापलेलं असतं. तिला हुक्की येऊन चालत नाही. तिच्या हातांवर तर इतका पहारा की टेबल सोडताना तिला टाळी वाजवून दोन्ही तळवे पालथे-उताणे करून दाखवावे लागतात, बोटांत चिप लपलेली नाही हे कॅमेऱ्याला पटावं म्हणून. तुम्ही हे रोखून बघा आणि म्हणा, "बघा, माझे पैसे घेऊन टाळ्या वाजवतेय!" नवा डीलर आला की "आता कुठे बरा माणूस आला" म्हणा. तो जिंकू लागला की आधीचीला परत बोलवा. पत्ते टाकून द्या, टेबलावर मूठ आपटा, तिच्या हसण्यात कुत्सितपणा शोधा. हसली नाही तर माजुरडी म्हणा. तिला उलट उत्तर देता येत नाही. त्यामुळे तुमच्या शौर्याला धोका नाही.

पोकर आणि बॅकराट हे पत्त्यांचे दुसरे खेळ खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी पुरेत. पोकरमध्ये हातात हमखास जिंकणारे पत्ते असताना, समोरच्याने पैजेला होकार देऊन आपला डाव उघडल्यावरही, कपाळाला आठ्या पाडून आपले पत्ते सावकाश, एकेक करून दाखवायचे. यासारखी दुश्मनी कमवायची दुसरी पद्धत नाही. बॅकराटला मात्र मी जा म्हणणार नाही. मोठ्या पैजांच्या टेबलांवर तिथे खेळाडूला पत्ता मुरगळत, कोपऱ्यातून किलकिला करून बघायची खुशाल परवानगी असते. नियमात बसत असेल तर मुरगळण्यात मजा कसली?

आता टीप. इथे भलेभले गोंधळतात, म्हणून सावकाश सांगतो.

टीप द्यायच्या दोन रीती आहेत. एक, सरळ चिप पुढे सरकवून "तुमच्यासाठी" म्हणायचं. डीलर ती चिप टेबलावर किंवा ट्रेवर टक्क वाजवते, म्हणजे वरच्यांना कळावं की ही टीप आहे, चोरी नाही, आणि पेटीत टाकते. दुसरी रीत रंगतदार: आपल्या पैजेच्या पुढे एक छोटी चिप डीलरच्या नावाने लावायची. डाव जिंकलात तर तिला दुप्पट, हरलात तर तिचंही गेलं. डीलरांना ही रीत आवडते असं म्हणतात, कारण घटकाभर तरी खेळाडू आणि डीलर एका बाजूला येतात. बऱ्याच कॅसिनोंत या चिप्स सगळ्या डीलरांच्या एकत्र जमतात आणि तासांच्या हिशेबाने वाटल्या जातात. म्हणजे तिच्याशी गोड बोलून चांगले पत्ते मिळण्याची आशा दोन्ही बाजूंनी फोल.

ही इतकी माहिती कशासाठी? चिप द्यायचं कसं टाळावं यासाठी. तिच्या नावाची चिप लावा, आणि डाव जिंकलात की "अरे, ती माझीच होती, चुकून पुढे गेली" म्हणत मागे ओढा. किंवा चिप न देता सल्ला द्या. तासभर तिला राबवून, ढीगभर चिप्स घेऊन उठताना "पुढच्या वेळी नक्की" म्हणा. उठताना छोट्या चिप्स मोठ्यांत बदलून घ्यायची पद्धत आहे. ते काम तिच्याकडूनच करून घ्या, ती मोजत असताना तिच्या बोटांवरची नजर काढू नका.

तुम्ही कंजूष आहात असा मात्र माझा आरोप नाही. उलट तुमच्याइतका दानशूर माणूस मी पाहिलेला नाही. ज्या पाटीकडे तुम्ही बघितलं नाहीत, तिच्यावर 3 ला 2 ऐवजी 6 ला 5 लिहिलेलं होतं. म्हणजे 10 लावून ब्लॅकजॅक लागला तर 15 मिळायचे तिथे 12. साधारण 21 डावांत एकदा ब्लॅकजॅक लागतो. तासाला 60 डाव धरले तर तीनेकदा लागेल, आणि दर वेळी 3 असे तुम्ही तासाला जवळजवळ एक अख्खी पैज न मागता, हसतमुखाने कॅसिनोच्या हवाली करता. डीलरसमोर एक्का उघडा पडला की "इन्शुरन्स?" अशी हाक येते. डीलरचा ब्लॅकजॅक झाला तर दुप्पट मिळतील. तुम्ही घाईघाईने अर्धी पैज पुढे करता. दहाच्या मोलाचे पत्ते तेरात चार. रास्त भाव सव्वादोन पट व्हायला हवा, मिळतात दोन. हीसुद्धा टीपच. फरक एवढाच की ती टक्क वाजत नाही, आणि कुणी "आभारी आहे" म्हणत नाही. बाजूच्या रंगीत वर्तुळांत, जोडी लागली तर इतके आणि एकाच रंगाची लागली तर तितके, म्हणून तुम्ही जे सोडता त्याचा उल्लेखही नको, गुप्तदान आहे ते. मग एका चिपेसाठी डीलरसमोर पाच मिनिटं घासाघीस करताना तुमच्या कपाळावर जो घाम येतो, त्यामागचं दुःख मी समजू शकतो. एवढं वाटल्यावर उरतंय काय?

तरीही मन द्रवलंच, तर कायद्याचा आधार घ्या. अमेरिकेत 1976 साली एक खटला वरच्या न्यायालयात गेला. लास व्हेगासच्या एका डीलरचं म्हणणं होतं की खेळाडू देतात ती भेट आहे, तिच्यावर प्राप्तिकर कसला? खालच्या न्यायालयाने मानलं, की खेळाडू लहरीपणे उदार होऊन किंवा अंधश्रद्धेपोटी चिप टाकतात. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. नशिबाच्या देवतांना चढवलेला नैवेद्य लवकरच भरघोस परत मिळावा या आशेनेच चढवलेला असतो, त्यात निरपेक्ष काही नाही, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी लिहिलं. तेव्हा ती मजुरी ठरली आणि करपात्र झाली. घ्या! म्हणजे तुम्ही चिप दिलीत तर त्या बिचारीच्या डोक्यावर कराचा बोजा चढवाल. न देण्यात केवढी करुणा आहे!

आणि इतकं करूनही हात शिवशिवत असतील तर ऑस्ट्रेलिया गाठा. तिथे डीलरला टीप घ्यायला मनाई आहे. तुमच्यासारख्या दात्याचा हात तिथे नियमानेच धरलेला, त्यामुळे "माझी तर फार इच्छा होती हो, पण काय करणार!" हे वाक्य दर तासाला तोंडभरून म्हणता येतं. म्हणताना आवाज तेवढा पिट बॉसपर्यंत जाईल इतका ठेवा, आणि इन्शुरन्सची हाक आली की अर्धी पैज लगेच पुढे करा.