भिशी, क्येयो आणि आजोबांची गिरणी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक तक्ता टाकला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, डोंबिवलीचा. अमेरिकेत राहणाऱ्या कुठल्या देशाच्या लोकांचं घरटी उत्पन्न किती, याची ती उतरंड होती. वरती भारतीय, दीड लाख डॉलरच्या आसपास. मध्ये कुठेतरी स्लोव्हेन, म्हणजे युरोपातल्या स्लोव्हेनियाचे लोक. त्यांच्या बरेच खाली युगांडाचे लोक. आणि तळाला दादाचा शेरा: "रक्तातच असावं लागतं. युगांडातून गुजराती लोकांना नेसत्या वस्त्रांनिशी हाकललं, तर त्यांनी इंग्लंडात लेस्टर उभं केलं. आपल्या मराठी माणसाला मुंबई मिळाली होती, ती त्याने घालवली." त्यावर अकरा जणांनी अंगठे दिले, त्यात माझ्या सख्ख्या काकूंचाही एक.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना मी मनातल्या मनात दादाशी भांडत होते. अजून भांडतेच आहे. त्या तक्त्यात माझंही उत्पन्न मोजलेलं आहे, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं मी समजते. आणि त्यातल्या स्लोव्हेन व युगांडन या दोन्ही लोकांमध्ये मी वीस वर्षं काढली आहेत. मी फिजिओथेरपिस्ट. पहिली आठ वर्षं मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमच्या नर्सिंग होममध्ये होते, नंतर ओहायोतल्या क्लीव्हलंडला आले. वॉल्थॅममध्ये माझ्या मजल्यावरच्या निम्म्या सीएनए, म्हणजे पेशंटची देखभाल करणाऱ्या मदतनीस, युगांडाच्या होत्या. इथे माझे निम्मे पेशंट स्लोव्हेन आडनावांचे असतात.

दादाच्या तोंडी युगांडा म्हणजे फक्त 1972. ती गोष्ट मला मान्य आहे, पण ती अर्धी सांगू नये. 4 ऑगस्टला इदी अमीनने जाहीर केलं आणि आशियाई, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले. कुटुंबामागे पन्नासेक पौंड नेता येत होते. सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनला गेली. लेस्टरच्या महापालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की तुमच्याच भल्यासाठी इकडे येऊ नका. तरी लोक आले आणि त्यांनी नाव काढलं. यात दुमत नाही.

पण ते नुसते पन्नास पौंड घेऊन आले नव्हते. दोन-तीन पिढ्यांची दुकानदारी, वहीखात्याची सवय, इंग्रजी शाळा, ब्रिटिश पासपोर्ट आणि लंडनमध्ये आधीच पोचलेला कुणीतरी मामा, हे सगळं त्यांच्याबरोबर आलं. विमानतळावर कस्टमवाल्याला ते जप्त करता येत नाही. आणि गोष्टीतून गाळलेला दुसरा भाग कारखान्यांचा आहे. लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये 1974 च्या मे महिन्यात आशियाई कामगारांनी संप केला. त्यातले कितीतरी युगांडातून आलेले होते. 168 नगांनंतर मिळायचा तो बोनस 200 नगांनंतर मिळतोय, ही त्यांची तक्रार होती. त्यांची स्वतःची युनियनसुद्धा पाठीशी उभी राहिली नाही. पुढच्या वर्षी कारखानाच बंद झाला. लेस्टरची गोष्ट सांगताना दुकानांच्या पाट्या सांगायच्या आणि त्या बायांचे हात विसरायचे, हे मला पटत नाही.

गोंयकारांचीही गोष्ट तशीच. कंपाला आणि एन्टेबेच्या सरकारी कचेऱ्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. युगांडाच्या बायका लग्नाकार्याला खांद्यावर टोक काढलेला, कमरेला रुंद पट्टा बांधलेला जो लांब झगा घालतात, त्याचं नावच 'गोमेसी'. 1905 च्या सुमारास गायाझा हायस्कूलच्या मुलींसाठी तो कायतान गोम्स नावाच्या गोव्याच्या शिंप्याने बेतला असं सांगतात. वॉल्थॅमला एकीच्या लग्नात मी पहिल्यांदा तो पाहिला आणि तिने त्या शिंप्याचं आडनाव सांगितल्यावर मला पेडण्यातली माझी आत्या आठवली. दुकानाला त्या 'दुका' म्हणतात. चपातीला चपातीच म्हणतात.

तर दादाच्या तक्त्यात खाली असलेल्या या बायका. माझ्याबरोबर काम करणारी एक मसाकाच्या शाळेत इतिहास शिकवायची. मकेरेरे विद्यापीठाची पदवी. इथे तीन ते अकरा आमच्याकडे आणि अकरा ते सात दुसरीकडे अशा दोन पाळ्या करून म्हाताऱ्यांचे डायपर बदलायची. तिच्या भाषेत परदेशी जाऊन असलं काम करण्याला 'क्येयो' म्हणतात. क्येयो म्हणजे खराटा. एम.ए. झालेला माणूसही सांगतो, मी खराटा मारायला चाललोय. युगांडाला परदेशातून दरवर्षी एक अब्ज डॉलरहून जास्त पैसे जातात, आणि त्यात या खराट्याचे पैसे आहेत. तिच्या पगारातून चार भाचरांची फी जायची आणि वाकिसोला घराच्या एकेका खोलीचं बांधकाम चालायचं. हे सगळं वजा केल्यावर तिच्या हातात काय राहत होतं, ते कुठल्याही तक्त्यात येत नाही.

त्या बायकांची एक भिशी होती. तिला त्या 'निगीना' म्हणत. महिन्याला दोनशे डॉलर, पंधरा जणी, जिचा नंबर तिला सगळी रक्कम. सुट्टीच्या खोलीत, कॉफीच्या मशीनशेजारी, रेघांच्या वहीत नावं लिहायच्या. आमच्या चाळीत आजी भिशीची वही जिथे ठेवायची, तांदळाच्या डब्यावर, ती जागा मला स्पष्ट दिसायची. मला त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. नवऱ्याला आवडणार नाही असं कारण दिलं. खरं कारण असं की मला त्यांच्यात मोजलं जायचं नव्हतं. मी लायसेन्स असलेली, एचवनबी व्हिसावर आलेली. त्या आणि मी एकाच खोलीत जेवत होतो तरी मी मनात एक उतरंड करून ठेवली होती आणि मी वरच्या पायरीवर होते. दादाचा तक्ता मला इतका झोंबला, त्याचं हे एक कारण असावं.

2010 च्या जानेवारीत बाबा गेले. नवऱ्याची नोकरी त्याआधी सहा महिन्यांपूर्वी गेली होती आणि क्रेडिट कार्ड काठोकाठ भरलेलं. मी मॅनेजरला रजेचं सांगून लॉकरशी आले तेव्हा मसाकाची ती बाई लिफाफा घेऊन उभी होती. "माबुगो," म्हणाली. मयताच्या घरी द्यायचा हातभार. आत अकराशे चाळीस डॉलर होते आणि वहीतलं फाडलेलं पान, त्यावर कुणी किती दिले त्याची यादी. वीस, चाळीस, दहा. दहा डॉलर देणारी किचनमधली होती, मी तिच्याशी कधी बोललेही नव्हते. त्या पैशांतून बॉस्टन-मुंबई तिकीट काढलं आणि तेराव्याला पोचले. आपल्या मंडळाच्या लोकांनी फोन केले, मनापासून केले, मी त्यांना दोष देत नाही. पैशांचं विचारायचं असतं हे आपल्यात कुणाला सुचत नाही, कारण आपल्याकडे सगळ्यांकडे ते असतातच असं आपण धरून चालतो.

आता स्लोव्हेन. तक्त्यात ते युगांडाच्या वर का, याला मला इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर उत्तर मिळालं, आणि ते पॅरलल बारमध्ये, म्हणजे पेशंटला धरून चालायला लावायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, मिळालं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजी, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. एकेक पाऊल टाकताना बोलायच्या म्हणजे दुखणं विसरतं. वडील तारेच्या गिरणीत होते. आई घरात आठ भाडेकरू ठेवायची, गावाकडची पोरं, तिघांत एक खाट, पाळी बदलली की माणूस बदलायचा. आई पहाटे चारला उठून सगळ्यांचे डबे भरायची. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे याला खानावळ म्हणतात. लालबागला माझी आजी हेच करायची. आजोबा रत्नागिरीहून आलेले, गिरणीत, साच्यावर. आजी पंचवीस माणसांचं जेवण रांधायची. स्लोव्हेन आजींनी माझा हात धरला तो त्या दिवशी सोडला नाही.

स्लोव्हेन इथे आले ते 1880 नंतर, ऑस्ट्रिया-हंगेरीचे म्हणून. 1911 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या डिलिंगहॅम आयोगाने एकेचाळीस खंड लिहून दक्षिण आणि पूर्व युरोपच्या लोकांना खालच्या प्रतीचं ठरवलं. 1924 च्या स्थलांतराच्या कायद्याने, स्लोव्हेन ज्यात होते त्या अख्ख्या युगोस्लाव्हियाला वर्षाला 671 माणसांचा कोटा दिला. आज जे मध्यावर आहेत, त्यांचं रक्त तेव्हा वाईट होतं. मग काय बदललं? त्यांनी आधी आपापल्या विमा मंडळ्या काढल्या, कारण गिरणीत हात गेला तर मालक एक पैसा देत नव्हता. स्वतःच्या पतपेढ्या काढल्या, त्यातून कर्ज काढून क्लीव्हलंडच्या सेंट क्लेअर ॲव्हेन्यूच्या आजूबाजूला घरं घेतली. 1924 मध्ये स्लोव्हेनियन नॅशनल होम बांधलं, ते अजून उभं आहे. पुढे युनियनच्या पगारवाढी आल्या, पेन्शन आली, युद्धावरून आलेल्या पोरांना सरकारी खर्चाने कॉलेज मिळालं आणि गोऱ्या माणसाला सहज मिळणारं घरकर्ज मिळालं. फ्रँक लाउशे, स्लोव्हेन स्थलांतरितांचा मुलगा, शहराचा महापौर झाला आणि 1945 मध्ये ओहायोचा गव्हर्नर.

सुखासुखी झालं असं मुळीच नाही. 20 ऑक्टोबर 1944 ला, शुक्रवारी दुपारी, ईस्ट 61व्या रस्त्याजवळची गॅसची टाकी फुटली. 130 माणसं गेली, घरांच्या रांगा जळाल्या. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, शाळेत होत्या म्हणून वाचल्या. आईने बँकेवर भरवसा नाही म्हणून पत्र्याच्या डब्यात पैसे ठेवले होते. डबा सापडला, आत राख. पण दादा, इथे लक्ष दे: वडिलांची नोकरी चालू होती. गिरणी चालू होती. तीन वर्षांत त्यांनी पुन्हा घर घेतलं.

आजोबांची गिरणी चालू राहिली नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. चाळीची खोली पागडीची होती, जमीन गिरणीची, गिरणीच्या जागेवर मॉल. आजोबा रत्नागिरीला परत गेले ते शेवटपर्यंत खळ्यात बसून राहिले. त्यांच्या रक्तात काय कमी होतं ते दादाने मला सांगावं. आजी पंचवीस माणसं जेवू घालून महिन्याचा हिशेब तोंडी ठेवायची. हा व्यवसाय नव्हता तर काय होता?

तक्त्याचं म्हणाल, तर त्यातले स्लोव्हेन तिसऱ्या-चौथ्या पिढीचे, इथे जन्मलेले. युगांडाचे बहुतेक जण स्वतः विमानातून उतरलेले. आणि आपण भारतीय तर व्हिसाच्या चाळणीतून निवडून आणलेले, डॉक्टर आणि इंजिनिअर. गाळून काढलेल्या तांदळाने शेताची शेखी मिरवू नये. मी ती बरीच वर्षं मिरवली. चिपळूणला गेले की मावशीसमोर डॉलरचे आकडे सांगायचे, तिला बरं वाटायचं, मलाही.

असले आकडे जनगणना खात्याच्या पाहणीतून येतात. दोन वर्षांपूर्वी ते फॉर्म आमच्या घरी आले. वंश किंवा मूळ कोणतं, असा प्रश्न असतो, रिकामी ओळ असते, मनाला येईल ते लिहा. मी माझ्यासाठी 'मराठी' लिहिलं. लेक वॉल्थॅमला जन्मलेली. तिच्या ओळीवर माझं पेन दोन दिवस अडलं. शेवटी तिनेच घेतलं आणि 'अमेरिकन' लिहिलं, आणि मग माझ्याकडे बघून स्वल्पविराम देऊन 'इंडियन'. मला वाईट वाटलं की बरं, हे मला अजून कळलेलं नाही. स्लोव्हेन आजींच्या पणतूला त्यांची भाषा येत नाही, पण दर शुक्रवारी तो हॉलमध्ये फिश फ्राय वाढायला जातो, आणि ख्रिसमसला पोतित्सा, म्हणजे त्यांची अक्रोडाची गोड पावरोटी, त्याच्याच हातची असते. आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या भाड्याच्या जिममध्ये बसतो आणि रविवारी संध्याकाळी पाचला जिम रिकामी करून द्यावी लागते. इतकी श्रीमंत माणसं आम्ही, चाळीस वर्षांत चार भिंती बांधल्या नाहीत. खराटा मारणाऱ्या पंधरा जणींनी वॉल्थॅमच्या चर्चमध्ये स्वतःच्या भाषेतली मिस्सा सुरू करून घेतली होती.

यंदा मी क्लीव्हलंडला भिशी सुरू केली आहे. सहा जणी आहोत. दोघींनी आधी विचारलं, याची गरज काय? मी त्यांना लिफाफ्याची गोष्ट सांगितली.

आणि दादा, एक काम आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे दीड लाखाहून जास्त अर्ज आहेत. 1 जानेवारी 1982 ला किंवा नंतर जो कामावर होता, त्याच्या वारसाला हक्क आहे. आजोबा तेव्हा कामावर होते. आपल्या घरातून कुणी अर्ज केला की नाही, हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. तूही कधी बोलला नाहीस. डिसेंबरात येते आहे, तीन आठवडे. आजीची ट्रंक तुझ्याकडे माळ्यावर आहे. त्यात आजोबांचं गिरणीचं तिकीट आणि फंडाची पावती आहे का, तेवढं मी येईपर्यंत बघून ठेव.