वाढपी ओळखीचा असला की...

'माणुसकी कुठेही मरत नाही' हे पटवायला स्टालिनच्या श्रमछावण्यांतले किस्से हल्ली फार फिरतात. कुणी कुणाला पावाचा तुकडा दिला, कुणी सिगारेटचं थोटूक, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मला ते वाचून वैतागच येतो. तो तुकडा कुणाच्या वाट्यातून आला, हे कुणी विचारतच नाही.

गुलागमध्ये, म्हणजे या छावण्यांत, पाव कामावर मोजून मिळे. नेमून दिलेलं काम भरलं नाही की पाव कमी. पाव कमी म्हणून दुसऱ्या दिवशी काम आणखी कमी. मुरलेले कैदी म्हणायचे, छोट्या पावानं माणूस मरत नाही, मोठ्यानं मरतो. वरचा तुकडा मिळवायला जेवढा जीव जातो, तेवढा त्या तुकड्यात नसतोच. १९४२ साली तर सरकारी नोंदींप्रमाणेच छावण्यांतला जवळजवळ दर चौथा कैदी मेला.

आता यात उपकार कुठे बसतो बघा. स्वयंपाकी ओळखीचा असला तर वाढताना डाव सूपच्या पातेल्यात पार तळाशी जायचा. वाढपी आपला असला की पंगतीत कुठेही बसा, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण तिथे मागून दुसरं पातेलं येणार नव्हतं. एकाला तळाचं घट्ट, म्हणजे दुसऱ्याला कढत पाणी. घरून पार्सल आलं की मुकादम, कोठीवाला, पाव कापणारा, सगळ्यांचे हात ओले करावे लागत. लाच म्हणा हवं तर. त्याशिवाय हलकं काम मिळत नसे, आणि ईशान्य सैबेरियातल्या कोलिमाच्या थंडीत हलकं काम म्हणजेच आयुष्य.

मुकादमानं न झालेलं काम झालं म्हणून लिहिलं, तर मात्र भुर्दंड सरकारला. हा उपकार मला सगळ्यात आवडतो! रांगेत जागा धरणं, 'नाक थंडीनं गोठून पांढरं पडलंय, चोळ' म्हणून सांगणं, यातही कुणाचं काही जात नसे.

बाकी सगळीकडे तिसरा माणूस होताच. लेखक वार्लाम शालामोव जगला तो १९४६ मध्ये वैद्यकीय मदतनिसाच्या वर्गात जागा मिळाली म्हणून. आंद्रेई पान्त्युखोव या डॉक्टरनं, जो स्वतःही कैदीच होता, त्याची शिफारस केली. ती जागा कुणाची हुकली, कुणास ठाऊक. मी पान्त्युखोवला दोष देत नाही. त्याच्या जागी असतो तर मीही कुणाचं तरी नाव पुढे केलंच असतं, बहुधा ज्याचं पार्सल मोठं त्याचं.