सात वाजता आठ

कोल्हापूरच्या पाण्यात नेमबाजी आहे म्हणतात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून कांस्य आणलं. तेच पाणी मी ४६ वर्षं पितोय. माझ्यात ते फक्त पोटात साठलेलं दिसतं.

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलीमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. दहा मीटरवर उभ्या माणसाच्या शर्टाची तिसरी गुंडी, एका हातानं. माझे शॉट मात्र त्या माणसाच्या खिशाकडं जायचे. रेंजवर हे घड्याळाच्या भाषेत सांगतात. खाली डावीकडं गेला तर ‘सात वाजता’, आणि आठच्या वर्तुळात लागला तर ‘सात वाजता आठ’. एकदा घरून फोन आला तेव्हा मी शेजारच्या पोराला हेच सांगत होतो. ही म्हणाली, “अहो, सात की आठ ते एक काय ते ठरवा, भाकरी टाकायच्यात.”

आमची कोच माझ्या पुतणीच्या वयाची. ती मला काका म्हणते, मी तिला मॅडम. तिचं निदान साधं होतं : “काका, तुम्ही ट्रिगर दाबत नाही, त्याला दचकवता.” पण एकदा माझा हात बघून ती पुढं म्हणाली, “ग्रिप पण तुमच्या हाताची नाही म्हणा.” पहिलं वाक्य मी तिथल्या तिथं विसरलो. दुसरं घरी घेऊन आलो.

पिस्तूल जुनं घेतलेलं, त्याची ग्रिप म्हणजे लाकडी मूठही जुनीच. आधीचा मालक लांबसडक बोटांचा पोरगा, वाजवली असती तर बासरीही वाजवली असती त्यानं. माझा हात म्हणजे पंजा कमी आणि थालीपीठ जास्त. ग्रिप बसते की नाही हे बघायची एक पद्धत आहे : डोळे मिटायचे, हात उचलायचा, डोळे उघडायचे. पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची खुंटी, मागच्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. माझी साईट उजव्या भिंतीला खेटून उभी असायची, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.

मग घासकाम सुरू केलं. लाकूड कुठं टोचतं हे कळायला तळव्याला काहीतरी रंग लावून ग्रिप धरायची आणि डाग पडेल तिथं घासायचं. मी देवघरातलं कुंकू घेतलं. रविवारी दुपारी बाल्कनीत, दोन्ही हात लाल आणि मांडीवर कानस अशा अवस्थेत समोरच्या काकूंनी मला पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्या लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढत नाहीत. अक्रोडाचं लाकूड मऊसूत निघतं, हाताला बरं वाटतं, आणि तिथंच घात होतो. आधी कानस, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. संध्याकाळपर्यंत टोचायचं थांबलं आणि ग्रिप हातात खुळखुळायला लागली.

काढलेलं लाकूड परत कसं लावायचं? एम-सीलनं. दोन रंगांच्या कांड्या पुरणासारख्या मळल्या, पोकळ जागेत थापल्या, हाताला खाऊ गुंडाळायचं प्लॅस्टिक लपेटलं आणि ग्रिप (पिस्तुलापासून वेगळी काढलेली, स्क्रू एकच असतो) मुठीत धरून नेम धरल्यासारखा उभा राहिलो. घट्ट धरायची, पण आवळायची नाही. हात हलवायचा नाही. निदान अर्धा तास.

पाचव्या मिनिटाला बेल वाजली. गॅसवाला.

“ओटीपी सांगा, साहेब.”

फोन उजव्या खिशात. उजवा हात एम-सीलमध्ये. डाव्या हातानं उजव्या खिशात शिरायचा प्रयत्न करताना मी दारात स्वतःभोवती एक चक्कर मारली. त्यानं सिलिंडर सावकाश खाली ठेवला आणि विचारलं, “काय झालंय हाताला?”

“ग्रिप बसवतोय.”

“आमच्या वडलांचा पण असाच झालता,” तो म्हणाला, “मालिश करा.”

सुकल्यावर बघितलं तर ग्रिपवर माझा सगळा तळवा उमटलेला. आयुष्यरेषा चांगली लांब आली होती. भाग्यरेषेला उंचवटा होता, ती घासावी लागली.

ट्रिगरचं प्रकरण मात्र घासून सुटत नाही. तिथं चार बारके स्क्रू. एकानं ट्रिगर पुढंमागं होतो, म्हणजे बोटाचं टोक आणि पहिलं पेर यांच्या मधला मऊ भाग त्यावर बसतो. एकानं पहिला टप्पा, म्हणजे सुटण्याआधीची हलकी ओढ, आणि एकानं वजन, म्हणजे सुटायला लागणारा जोर. चौथा शॉट सुटल्यावर ट्रिगर किती मागं धावेल ते ठरवतो. एक फिरवला की दुसरा रुसतो. शिवाय बोट बाजूच्या लाकडाला टेकता कामा नये, नाहीतर तुम्ही ट्रिगर ओढता आणि लाकूड पिस्तूल ढकलतं. माझं टेकत होतं. पुन्हा कानस.

नियमानं ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. तपासताना नळी वर धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलतात. ते वर आलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. सगळ्यांना तो ५०० च्या काठावर हवा असतो. घरी असलं वजन कुठलं? गुरुवारी वाण्याकडून अर्धा किलो साखर काट्यावर नीट तोलून घेतली, पिशवीला गाठ मारली आणि ओट्यावर ठेवली. शनिवारी रात्री उचलली तर तोंडाला रबर होता. गाठ मारल्याचं आठवत होतं, पण ४६ व्या वर्षी माणूस स्वतःच्या गाठीबद्दल भांडत नाही. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, सुतळीनं पिशवी ट्रिगरला टांगली, स्क्रू पाव-पाव वळसा फिरवत राहिलो. रात्री बारा वाजता साखर अलगद वर आली, ट्रिगर जागचा हलला नाही. पाव वळसा आणखी सैल केला की सुटायचा. इतका नेमका काठ मी आयुष्यात कशाचाच गाठला नव्हता.

रविवारी स्पर्धेआधी तपासणी. आधी ४२० बाय २०० बाय ५० मिलीमीटरची पेटी. त्यात पिस्तूल मावावं लागतं. एम-सीलमुळं माझं आत गेलं ते रिक्षातल्या चौथ्या प्रवाशासारखं, पण गेलं. मग वजन अडकवलं. टक्. ट्रिगर सुटला. पुन्हा. टक्. तपासणारा पोरगा नम्रपणे म्हणाला, “काका, हलका आहे.”

“शक्यच नाही. मी स्वतः साखरेनं मोजलाय.”

मागं रांगेत कोणीतरी हसलं. उसनी ॲलन की घेऊन घाबरत एक पूर्ण वळसा दिला. वजन उचललं गेलं. आता ट्रिगरनं बहुधा सिलिंडरही उचलला असता. ७५ मिनिटांत ६० शॉट, आणि प्रत्येक वेळी बोट कापायला लागल्यावर कधीतरी तो ट्रिगर सुटायचा. ६०० पैकी ५०३. निम्मे सात वाजता, उरलेले दिवसभर.

घरी आलो ते थेट ओट्याकडं. पिशवी वजनकाट्यावर ठेवली. ४४८ ग्रॅम.

“यातली साखर कोणी घेतली?”

“शुक्रवारी वन्संबाई आल्या होत्या की पोरांना घेऊन. चहा केला. डबा रिकामा होता, म्हटलं ही आणून ठेवलीय.”

“ते माझं ट्रिगरचं वजन होतं!”

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

“मग पुढच्या वेळी तूरडाळ टांगा,” ती म्हणाली. “ती चहात घालत नाहीत.”