तुमची खोली आणि माझा टी-शर्ट

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. पहिलं उत्तर रागात लिहिलं होतं, ते पुसून टाकलं.

तुमचं म्हणणं असं, की 'लोक काय म्हणतील ही भीती निम्मी आपल्याच डोक्यात असते' हे माझ्या लेखातलं वाक्य म्हणजे घरबसल्या सुचलेलं शहाणपण. घटस्फोटानंतर इंदूरच्या लोकमान्य नगरात खोली शोधताना तीन घरमालकांनी तुम्हाला तोंडावर नाही म्हटलं. एका काकूंनी 'आमच्याकडे लग्नाच्या मुली आहेत' असं कारणही दिलं. चौथ्या घरी मालकांनी गळ्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही भाडं न विचारताच परत आलात. 'तुमच्या त्या अमेरिकी प्रोफेसरांना इंदुरात खोली शोधायला पाठवा' हे वाचून मात्र हसू आलं.

आधी कबुली देते. टी-शर्टचं उदाहरण मी चुकीच्या जागी वापरलं. थॉमस गिलोविच हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली छापलेला तो प्रयोग: लाज वाटावी असा टी-शर्ट घालून गेलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असेल. लक्षात आलं होतं साधारण पाव लोकांच्या. पण टी-शर्ट घरी जाऊन बदलता येतो. तुमच्या काकूंनी तुम्हाला नीट पाहिलं आणि नीट नाही म्हटलं. तो सरळ अन्याय आहे, त्यावर मानसशास्त्राचा लेप लावायला मी जायला नको होतं.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडलं, की आधी आपण समोरच्याला कसे दिसतो याची कल्पना करतो, मग तो काय मत बनवत असेल याची, आणि त्यावरून आपल्याला अभिमान वाटतो किंवा लाज. पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्याच आहेत बघा. श्राउगर आणि शोनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये तोवरचे अभ्यास तपासले. माणसाचं स्वतःबद्दलचं मत 'लोकांना मी कसा वाटत असेन' याच्याशी चांगलं जुळत होतं. लोकांना खरोखर काय वाटतं, त्याच्याशी मात्र धड मेळ बसत नव्हता.

माझंच सांगते. लग्नानंतर पुण्याला एका मुंजीत स्वयंपाकघरात म्हणाले, 'कुणी माझी मदत करा ना!' दोघी-तिघी हसल्या. 'मला मदत करा' म्हणायचं असतं, हे तेव्हा कळलं. आमच्या इंदुरी मराठीत हिंदी अशी गुपचूप येऊन बसते. त्या हसल्या हे खरंच. पण या आपल्याला अडाणी समजतात, मागे नकला करत असतील, हे पुढचं सगळं मी रचलं. नंतर अकरा वर्षं पुण्यात मी हो-नाहीपुरतीच बोलले. (इथे माझं तोंड मिटत नाही, नवऱ्याला विचारा.) गेल्या वर्षी त्यांतल्याच एक जाऊबाई इंदूरला आल्या. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाताना म्हणाल्या, 'तुम्ही आमच्याशी बोलायच्याच नाहीत. वाटायचं, होळकरांच्या गावच्या, आम्हाला कशाला विचारतील!' ते हसणं त्यांना आठवतही नव्हतं.

आता तुमचं शेवटचं वाक्य. 'मलाच वाटू लागलंय, आपण कुणाच्या घरात ठेवण्यासारख्या नाहीच.' ताई, काकू एवढं बोलल्या नव्हत्या. त्यांनी खोली नाकारली. बाकीचं वाक्य तुम्ही घरी येऊन पूर्ण केलंत.

क्लेक आणि स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या प्रयोगात बायकांच्या चेहऱ्यावर मेकअपने व्रण काढला, आरशात दाखवला, आणि क्रीम लावायच्या निमित्ताने गुपचूप पुसूनही टाकला. तरी त्या सांगत राहिल्या, की समोरची व्यक्ती व्रणामुळे वेगळी वागली, तिच्या नजरेवरून कळत होतं. तुम्ही म्हणाल, त्यांचा व्रण नव्हताच, माझा घटस्फोट आहे. बरोबर. म्हणून पहिल्या तीन घरांबद्दल मी तुमच्याशी वाद घालत नाही.

मी चौथ्या घराबद्दल बोलतेय. तिथे अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

रविवारी सकाळी जमेल? मी येते बरोबर. पोहे-जिलबी आधी खाऊ, मग भाडं विचारू. नाही म्हणालेच, तर तेही लेखात लिहीन, आणि ते 'निम्मी' काढून टाकीन.