पाच वेळा र

आमच्या सोसायटीच्या सभांचे इतिवृत्त गेली आठ वर्षे मी लिहितो आणि कर्सर हलवण्यासाठी माउसला हात लावणे मला कधीही कमीपणाचे वाटले नव्हते. दिवाळीत आलेल्या भाच्याने मात्र ते पाहून, कुणी वरणभात काट्याने खात असावे तसा चेहरा केला. कंट्रोल धरून बाणाची कळ दाबली की कर्सर एकेक शब्द ओलांडतो, होमने ओळीच्या आरंभी आणि एंडने शेवटी जातो, हे त्याने पाच मिनिटांत शिकवले. तेवढ्यावर तो थांबला असता तर बरे झाले असते, पण “मामा, बाणांपर्यंत तरी हात कशाला न्यायचा?” असे म्हणून त्याने माझ्या संगणकावर विम नावाचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम बसवून दिला.

विममध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी आणि हिंडण्याची वेगळी. लिहून झाले की एस्केप दाबायचे आणि मग एच, जे, के, एल या कळांनी अनुक्रमे डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जायचे. ही अक्षरे निवडण्याचे कारण असे, की १९७६ साली बिल जॉय यांनी विमचा पूर्वज असलेला व्हीआय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डच्या यंत्रावर लिहिला, त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. त्यावर एस्केपही आजच्या टॅबच्या जागी, बोटाशी होते. आता ते पार कोपऱ्यात गेले आहे आणि त्याची किंमत माझी करंगळी मोजते.

खरी गंमत पुढे आहे. मी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीने मराठी लिहितो आणि तिथे त्याच चार कळांवर प, र, क, त बसले आहेत. त्यामुळे एस्केप दाबून इंग्रजीत यायचे, हिंडायचे आणि पुन्हा मराठीत शिरायचे. भाषा बदलायला विसरलो तर कर्सर ढिम्म हलत नाही. एस्केपच विसरलो तर खाली जाण्याऐवजी कागदावर र उमटतो.

गेल्या सभेचे इतिवृत्त मी घाईत पाठवले. “टाकीच्या दुरुस्तीस ररररर मंजुरी देण्यात आली” या वाक्यावर तळमजल्यावरच्या काकांनी, ही मंजुरी नेमकी कोणत्या प्रकारची, असे विचारले. मी खुलासा करण्याआधीच अध्यक्षांनी चहा आल्याचे पाहून इतिवृत्त कायम केले, पाचही र धरून.